पाहुण्यांकडे पाठ

आमच्या गावात आजारी माणसाला आतल्या खोलीत झोपवत नाहीत. पुढच्या खोलीत, दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं झोपवतात. आत झोपवलं तर लोक म्हणतात, "म्हातारीला आत टाकून दिली." पुढं झोपवलं की तेच लोक म्हणतात, "लय करत्यात बरं का तिचं." करण्यात काडीचा फरक नसतो, फरक खाटेच्या जागेत असतो. म्हणून आईला दौंडच्या दवाखान्यातून घरी आणली, तेव्हा खाट कुठं टाकायची याची चर्चासुद्धा झाली नाही. दादानं टीव्ही उचलून आत नेला आणि टीव्हीच्या जागी आईला ठेवली.

मी तेव्हा शिरूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात होतो. मुलगा असून नर्सिंग शिकतो, याचं आमच्याकडं स्पष्टीकरण द्यावं लागतं. सुरुवातीला मी ते प्रामाणिकपणे द्यायचो. हे काम पुरुषही करतात, दवाखान्यात त्यांना ब्रदर म्हणतात, पगार बरा असतो, वगैरे. ऐकणारा मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "म्हंजी डॉक्टर व्हायला आजून किती वर्सं हायेत?" पुढं पुढं मी नुसतंच "बघू" म्हणायला लागलो. त्यानं लोकांचं समाधान व्हायचं.

कॉलेजात आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं ते अंथरूण घालायला. मला वाटलं होतं इंजेक्शनापासून सुरुवात होईल, तर इथं चादरी. चादर ताणायची, कोपरे मुडपायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. आमच्या मॅडम तळहात फिरवून बघायच्या. हाताला सुरकुती लागली की सगळी चादर उपसून टाकायच्या आणि म्हणायच्या, "ही तुम्हाला दिसत नाही, पण पडून असलेल्या माणसाला रात्रंदिवस टोचते." आम्ही घरी कधी स्वतःचं पांघरूण घडी न केलेली मुलं. महिनाभर चादरीच ताणत होतो.

मग आला पुतळा. प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक रबरी माणूस होता, त्याच्यावर आम्ही सगळी सेवा शिकलो. त्याला अंघोळ घातली, त्याचे दात घासले, त्याला भरवलं. आणि त्याची कूस बदलली, दर दोन तासांनी, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते, तिथं रक्त पोचत नाही. आधी लाल होतं, मग फाटतं, मग आत आत जात राहतं. मॅडमचं ठाम मत होतं की बेडसोर हा पेशंटचा आजार नव्हेच. तो नर्सचा आजार, फक्त होतो पेशंटच्या पाठीवर. पुतळ्याच्या पाठीवर आम्ही कधी काही होऊ दिलं नाही. आदर्श पेशंट होता तो. त्याला ना लाज, ना सून, ना पाहुणे.

आई गोठ्यात घसरली ती ऐन माझ्या परीक्षेच्या तोंडावर. खुब्याचं हाड मोडलं. दौंडला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. मी मध्ये एकदा जाऊन आलो तर ती माझ्यावरच चिडली, परीक्षा सोडून इथं काय करतोस म्हणून. घरी सोडताना डॉक्टरांनी दादाला नीट सांगितलं होतं. उठवून बसवा, वॉकर धरून रोज थोडं चालवा, झोपल्यावर कुशी बदला, यांना साखर आहे तेव्हा पाठीकडं लक्ष ठेवा. दादा सगळ्याला "होय साहेब" म्हणाला. दादा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आहे, तिथं दिवसभर तेच म्हणावं लागतं, त्यामुळं ते त्याच्या तोंडातून आपोआप येतं.

परीक्षा संपली आणि मी एसटीत बसलो. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या पुढं, आम्ही मागं. वेळ भरपूर होता, म्हणून मी मनातल्या मनात आईच्या सेवेचा आराखडा तयार केला. पेशंटच्या गरजा काय, उद्दिष्ट काय, कृती काय. इतका सुंदर आराखडा मी परीक्षेतही लिहिला नव्हता. चौफुल्याला उतरून वरवंडची जीप धरली, तिथून गाव, आणि घरात पाऊल टाकलं तेव्हा त्या आराखड्याभोवती एकूण अकरा माणसं बसली होती.

आई मधोमध उताणी. अंगावर ठेवणीतलं इरकल लुगडं, केस विंचरलेले, पदर नीट, पाय सरळ जुळवलेले, हात पोटावर. उशाशी केळी आणि शहाळी. वॉकर भिंतीला टेकवलेला होता आणि त्यावर दोन टॉवेल आणि दादाचा शर्ट वाळत होता.

समाचाराला जायचे काही नियम असतात, ते कुणी कुणाला शिकवत नाही. रिकाम्या हातानं जायचं नाही. बायकांनी खाटेच्या काठावर टेकायचं, पुरुषांनी खुर्चीत. मग मोडलेल्या जागेवर हात दाबून "हितंच का?" असं विचारायचं. पेशंट कळवळला की "हितंच" हे उत्तर मिळतं. त्यानंतर असंच हाड मोडलेल्या आपल्या एखाद्या नातेवाइकाची हकिगत सांगायची, आणि ती व्यक्ती हकिगतीच्या शेवटी गेलेली असली पाहिजे. चहा प्यायचा. आणि निघताना दोन्ही हात वर करून बजावायचं, "उठू नगा, हलू नगा, आजिबात हलायचं न्हाई बघा." डॉक्टर एकच होते आणि समाचाराला येणारे पन्नास. लोकशाहीत जे होतं तेच झालं. आई हलली नाही.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "आये, कुशीवर वळ जरा. दिवसभर पाठीवर झोपायचं नसतं."

"कुठल्या कुशीवर?"

ऑपरेशन उजव्या खुब्याचं, म्हणजे वळायचं ते डावीकडं. खाट भिंतीला लावलेली होती आणि डावीकडं भिंत होती. मी भिंतीकडं बोट दाखवलं.

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला नेसतं लुगडं सोडायला सांगितलं होतं. "आन् पाव्हण्यांकडं पाठ करू? लोकं एवढ्या लांबनं यायची आन् मी त्यास्नी पाठ दाखवून झोपायचं? वळण हाय का काय आपल्याला?"

"आजारी माणसाला चालतं."

"आजारी मी हाय. वळण आजारी न्हाई."

पायांत घालायची उशी मी नुसती दाखवली, तर तिनं कानावर हात ठेवले. डावीकडं वळलं की दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी हवी, नाहीतर ऑपरेशनचा पाय आत खेचला जातो. हे मी तिला अगदी पुस्तकात आहे तसं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पायात उशी घालून चारचौघांत पडू? त्यापरीस मेलेली बरी." पुस्तकात यावर काहीही नाही.

आमच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत मेंढरं होती, आणि आईचं अर्धं आयुष्य त्यांच्यामागं गेलं. मी तो डाव टाकून बघितला. "मेंढरू उताणं पडलं तर काय करायचीस गं तू?"

"धरून कडंला करायची. न्हाईतर फुगून मरतं."

"मग?"

"मग काय? मी मेंढरू हाय व्हय?"

एवढं बोलून ती पुन्हा हात पोटावर ठेवून सरळ झाली, कारण दारात चपला वाजल्या होत्या. आलेल्या बाईंनी आधी आईच्या खुब्यावर हात दाबला, मग मला ओळखलं आणि बाही वर करून म्हणाल्या, "डॉक्टर, जरा माजं बीपी बघा." ते मात्र सगळ्यांना बघून हवं असायचं. दोन दिवसांत मी निम्म्या गावाचं बीपी बघितलं. आईची पाठ काही मला बघायला मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं चालायला लागलं. पेशंट पाहुण्यांकडं पाठ करायला तयार नाही ना, मग पाहुणेच हलवावेत. मी आणि दादानं खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर घेतली आणि सगळ्या खुर्च्या आईच्या डाव्या बाजूला मांडल्या. सकाळी वरवंडचे एक मामा आले, डावीकडं बसले, आणि आईचं वळण आपसूक कामाला लागलं. तिनं मान वळवली, मग खांदा, आणि मी मागून पटकन पाठीला उशी दिली. अंगावर चादर टाकली आणि चादरीखालून हळूच पायांतही उशी सरकवली. झाकलेली उशी तिला चालली. आई मामांशी बोलत कुशीवर पडून होती आणि मी मागं उभा राहून स्वतःवर खूश होत होतो.

अवघड होतं ते पुढचं. काही वेळानं तिला दुसऱ्या बाजूला कलती करायची होती. पूर्ण नाही, उशीच्या आधारानं थोडीशी.

"मामा, जरा इकडच्या खुर्चीत बसता का?"

"का रं? हितं बरं हाय की."

"तिकडं पंख्याचं वारं लागतं."

"मला वारं नगंच हाय. वाताचा तरास हाय मला."

"मामा, बसा की इकडं."

मामा उठले, खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसले आणि आई तिकडं कलली. संध्याकाळपर्यंत मी अशी बरीच माणसं हलवली. पेशंटची कूस बदलायची तर मी पाहुण्यांची बदलत होतो. गावाला कारण लागतंच. कुणी म्हणालं दिशा बघून बसवतोय, कुणी म्हणालं कुणा जाणत्यानं सांगितलंय की सूर्य फिरंल तसं माणूस फिरवायचं. हे दुसरं कारण लोकांना इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आल्या आल्या मलाच विचारू लागले, "आता कोणत्या अंगाला बसायचं?" रक्त पोचण्याबद्दल मी जे सांगत होतो ते कुणाच्या गळी उतरलं नव्हतं. मी ते सांगायचं सोडून दिलं आणि बोटानं खुर्ची दाखवायला लागलो.

मला वाटलं, जिंकलो. तेव्हा वहिनींनी मला मोरीपाशी गाठलं.

आईचं अंगपुसणं, लुगडं बदलणं, भांडं देणं, सगळं वहिनी करायच्या. मी मदतीला गेलो की आई ओरडायची, "तू भाईर हो." वहिनी बादली ठेवून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, एक सांगते. आत्यांना कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून." सासूला त्या आत्या म्हणतात. "त्यांच्या माकडहाडापाशी फाटलंय."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आदी. पयलं नुसतं लाल झालं हुतं, तर मी रोज खोबरेल चोळत हुते. चोळून चोळून जास्तीच झालं. मला म्हणल्या, कुणाला बोललीस तर माझी शपथ हाय. लोक म्हणत्याल, सुनंनं सासू सडवली."

आणि त्या तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून रडायला लागल्या. लाल झालेली जागा चोळायची नसते, हे मला परीक्षेत दोन वेळा विचारलं गेलं होतं. वहिनींना कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही." मला राग आला होता तो आईचा. सुनेची अब्रू झाकायला ती बाई त्या जखमेवर रोज सरळ पाठीनं पडून हसत होती, आणि वर पाहुण्यांसाठी चहा करायला लावत होती.

लाल असेपर्यंत नुसती कूस बदलून भागतं. फाटलं की धुवावं लागतं, आणि धुवायला बघावं लागतं. किती खोल गेलंय, काळं पडलंय का, वास येतोय का. आईला साखर होती. शिरूरला वॉर्डात मी एक मावशी बघितल्या होत्या. त्यांचा पाय बरा झाला होता, आणि त्या पाठीनं गेल्या. मी घाबरलो.

दौंडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तू शिकतोयस ना? बघ आणि मला सांग. काळं असेल तर ताबडतोब घेऊन ये." बघ म्हणायला काय जातं. मी आईसमोर उभा राहिलो आणि जखमेचं मला माहीत आहे असं सांगितलं. कुणी सांगितलं ते नाही सांगितलं, पण घरात माणसं किती, तिला कळलंच.

"उपकेंद्रातल्या सिस्टरांना बोलावतो. बाईमाणूस आहेत."

"ती घरोघर लस द्यायला हिंडती. लशीबरूबर माझी बातमीबी देत जाईल."

"मग मी बघतो."

"तू?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. "तुला मी न्हाऊमाखू घातलंय. तू माझं बघणार? डोळं फुटलं तरी न्हाई."

वॉर्डात आम्हाला सांगतात की प्रत्येक पेशंटला आपली आई समजा. चांगली शिकवण आहे. पण आईच पेशंट असली तर तिला काय समजायचं, हे कुणी सांगत नाही. मी दोन दिवस तिच्या मागं लागलो. रागावलो, हात जोडले, जेवणार नाही म्हटलं. शेवटी वॉर्डातल्या त्या मावशींची हकिगतही सांगितली, आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं की मीही समाचाराला आलेल्यांच्याच वळणावर गेलोय. आई म्हणाली, "प्रत्येकाची वेळ ठरल्याली आसती." तिचं ठरलेलं होतं. मी चादर ताणत राहिलो, खुर्च्या हलवत राहिलो.

आणि अचानक पाहुणे बंद झाले.

वरच्या आळीतले एक आप्पा पुण्याहून परत आले होते. हृदयाची अँजिओप्लास्टी, मोठं हॉस्पिटल, लिफ्ट. खुब्याचं हाड गावानं पूर्वी बघितलं होतं, हे नवीन होतं. सगळा समाचार तिकडं वळला. दुपार झाली तरी आमच्याकडं चिटपाखरू नाही. आई सारखी दाराकडं बघत होती.

"आज कोण आलं न्हाई गं?" तिनं वहिनींना विचारलं.

"समदी वरच्या आळीला गेल्यात, आत्या."

"काय येवढं झालंय त्याला? दोन जाळ्या घातल्यात म्हनं. माझ्यात तर सळई घातलीया." मग थोडा वेळ गेला आणि तिचं वळण पुन्हा जागं झालं. "आपल्यातनं कोण गेलं का न्हाई? बरं दिसत न्हाई ते. तू जाऊन ये. जाताना हितलंच शहाळं घेऊन जा."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मला वहिनी घरात हव्या होत्या, पण आई म्हणाली, "जा म्हणते ना," आणि त्या शहाळं घेऊन गेल्या. दादा कामावर. घरात आई आणि मी. आई वर पंख्याकडं बघत पडली होती. पाहुणे नव्हते तरी उताणीच होती, आता सवयीनं. मी म्हटलं, वळ. ती वळली नाही.

मग पंख्याकडं बघतच म्हणाली, "दवाखान्यात बायकांचं बी करतोस का तू?"

"जास्त करून सिस्टर करतात. कुणी नसलं तर मी."

"लाजत न्हाईत त्या?"

"लाजतात की."

"मंग?"

"मी सांगतो, मी ब्रदर आहे. काय करणार ते आधी सांगतो. लागेल तेवढंच उघडणार, बाकी झाकलेलं राहील, असं सांगतो. आणि विचारतो, चालेल का."

"न्हाई म्हणल्या तर?"

"तर थांबतो. जबरदस्ती करत नाही."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "दार लावून घे. आन् आत जा. आन् मंग दवाखान्यात जातोस तसाच भाईर ये."

आमचं पुढचं दार दिवसा कधी लागत नाही, त्याची कडी गंजलेली होती. ती कशीबशी बसवली. आत जाऊन हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, नखांत सुद्धा, मॅडम समोर उभ्या असल्यासारखे. वरवंडच्या मेडिकलमधून आणलेली सलाईनची बाटली, कापूस, पट्ट्या, हातमोजे एका ताटात घेतले. ताट दोनदा तपासलं. पुतळ्याच्या वेळी कधी तपासलं नव्हतं.

बाहेर आलो तर आईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता, परका पुरुष घरात आला की ओढते तसा.

"मावशी," मी म्हटलं, "मी ब्रदर."

"या," पदराआडून आई म्हणाली. तिनं मला जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं. "कुठलं म्हणायचं तुम्ही?"

"इथलाच. वरवंडकडचा."

"बरं."

"तुमच्या पाठीला जखम झाली आहे, ती बघायची आहे आणि धुवायची आहे. तुम्हाला डावीकडं वळवतो, पायांत उशी देतो. वर चादर राहील. चालेल का?"

"चालंल."

मी तिला वळवली. खांदा आणि कंबर धरून, एकाच वेळी, पाय सांभाळून. लुगडं लागेल तेवढंच सैल केलं. जखम लिंबाएवढी होती. काठ पांढुरके, तळ लाल. काळं कुठं नव्हतं, वासही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

"मावशी, आत खोल गेलेलं नाही. भरून येईल. पण पाठीवर झोपायचं नाही आता. आणि रोज धुवावं लागेल."

"ब्रदर, एक सांगते," आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "ह्यात माझ्या सुनंचा काय दोष न्हाई. लय गुणाची हाय ती. मीच आईकलं न्हाई कुणाचं."

"बरं."

"डाक्टरांनाबी तसंच सांगा."

"सांगतो."

सलाईन गार होतं, ते लागल्यावर तिनं अंग चोरलं. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, न्हाई. मी हळूहळू धुवत राहिलो. मग तिनं एकदम विचारलं,

"आई हाय का तुम्हाला?"

"आहे."

"कशी हाय?"

"पडून आहे सध्या. पायाचं ऑपरेशन झालंय."

"आन् तिला टाकून तुम्ही हितं माझं करत बसलाय?" पदराआडून ती रागावली, खरीखुरी. "जावा की तिच्याकडं. तिला वाटत आसंल, पोरगं जवळ बसावं."

मी पट्टीचं पाकीट फोडलं.

"जातो," मी म्हटलं. "एवढी पट्टी झाली की जातो."

पट्टी लावली. लुगडं सारखं केलं, चादर ओढली, सुरकुती काढली. हातमोजे काढून आत जाऊन हात धुतले. मग बाहेर येऊन खाटेला वळसा घातला आणि तिच्या तोंडाच्या बाजूला जमिनीवर जाऊन बसलो.

"आये," मी हाक मारली.

तिनं पदर खाली घेतला. डोळे लाल झाले होते.

"आलास व्हय," ती म्हणाली. "कवाधरनं वाट बघतीया."